कावागोए की कोकुबुंजी?

टोकियोच्या उपनगरी पट्ट्यात पायी इतिहास पाहायला एकच दिवस असेल, तर बहुतेक जण कावागोएला जातात. ते चूकही नाही. इकेबुकुरोहून तोबू रेल्वेने साधारण अर्ध्या तासात पोचता येतं. 1893 च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, पण 1792 सालचं जाड मातीच्या भिंतींचं ओसावा घर टिकलं. ते पाहून व्यापाऱ्यांनी तशीच दुकानं बांधली, आणि आजची प्रसिद्ध काळी रांग उभी राहिली. किताइन मंदिरात तर एदोच्या, म्हणजे जुन्या टोकियोच्या, किल्ल्यातून हलवलेल्या खोल्या आहेत. तोकुगावा घराण्यातला तिसरा शोगुन (लष्करी राज्यकर्ता) इएमित्सु जन्मला ती खोलीही त्यातलीच, असं सांगतात. फक्त रविवारी जाऊ नका. रताळ्याच्या आइस्क्रीमच्या रांगांतून वाट काढता काढता इतिहास राहून जातो.

कोकुबुंजीत पाहायला उभं असं फारसं काही नाही. सम्राट शोमूने 741 मध्ये प्रत्येक प्रांतात मंदिर बांधायचा हुकूम काढला, त्यातलं मुसाशी प्रांताचं मंदिर इथलं. सातमजली पॅगोडाचे आता पायाचे दगड तेवढे गवतात दिसतात. मंदिर 1333 च्या लढाईत जळालं. पण जवळच ओताका-नो-मिची ही झऱ्याकाठची पायवाट आहे. तोकुगावांच्या ओवारी शाखेचं ससाण्यांच्या शिकारीचं रान इथं होतं, त्यावरून हे नाव, म्हणजे ‘ससाण्याची वाट’. पाणी नितळ, गर्दी कमी.

मुलं किंवा पहिल्यांदा आलेले पाहुणे सोबत असतील तर कावागोए. मी एकटा असेन तर कोकुबुंजीच, आणि परतताना स्टेशनलगतची तोनोगायातो बाग.