गाडीच्या आतल्या सफाईसाठी बॅटरीवरचा व्हॅक्यूम: आठ महिन्यांच्या वापरानंतर

माझा आधीचा व्हॅक्यूम गाडीच्या लायटर सॉकेटवर चालायचा. खोक्यावर वॅटचा आकडा भला मोठा होता, पण १२ व्होल्टच्या सॉकेटला १० अँपिअरचा फ्यूज असेल तर १२० वॅटच्या पुढे काही मिळतच नाही. वरवरची धूळ जायची, मॅटच्या लवीत रुतलेली वाळू मात्र जागची हलायची नाही. वायरही दर वेळी दारात अडकायची. म्हणून बॅटरीवरचा घेतला.

घेताना मी किलोपास्कलचा, म्हणजे ओढीच्या दाबाचा, आकडा पाहून निवड केली. ती चूक होती. हा आकडा सहसा व्हॅक्यूमचं तोंड पूर्ण बंद करून मोजतात, तेव्हा आत हवा वाहतच नसते. वाळूचा कण उचलून डब्यापर्यंत नेते ती वाहती हवा, आणि ती नोझलचा आकार आणि फिल्टरची स्थिती यांवर फार अवलंबून असते. आता कोणी विचारलं तर मी आधी नोझल हातात घेऊन बघायला सांगतो. माझ्याकडचं चिंचोळं नोझल सीटच्या रुळांत आणि हँडब्रेकशेजारच्या फटीत नीट शिरतं, म्हणूनच हे यंत्र मला आवडतं. एसीच्या जाळ्यांना मऊ ब्रश पुरतो. कुत्र्याचे केस मात्र नुसत्या ओढीने निघत नाहीत. आधी रबरी हातमोजा एकाच दिशेने फिरवून ते गोळा करावे लागतात.

फिल्टरबद्दल कळकळीने सांगतो. तिसऱ्या महिन्यात ओढ एकदम कमी झाली, मला वाटलं मोटर गेली. फिल्टर बारीक धुळीने गच्च भरला होता, एवढंच. धुतला आणि घाईत अर्धवट ओला परत बसवला, तर आत चिखलाचा थर जमला आणि पुढचे कितीतरी दिवस कुबट वास येत राहिला. आता धुतल्यावर पूर्ण दिवसभर सावलीत वाळवतो आणि तोवर दुसरा लावतो. जादा फिल्टर सुटा मिळत नसेल तर ते मॉडेल घेऊच नका.

बॅटरी पूर्ण ताकदीवर ११-१२ मिनिटं चालते, साध्या वेगावर २५ च्या आसपास. मॅट बाहेर काढून आधी उलट्या करून झटकल्या आणि जास्त ताकद फक्त त्यांच्यासाठी राखून ठेवली, तर सीट आणि डिकीसकट गाडी एका चार्जिंगमध्ये होते. व्हॅक्यूम गाडीत ठेवत नाही. उन्हात तापलेल्या गाडीत लिथियम-आयन बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं.

सांडलेल्या चहा-दुधासाठी हा नाही, त्याला ओलं-कोरडं दोन्ही ओढणारंच यंत्र लागतं. गाडी उभी करता तिथे विजेचा प्लग असेल आणि घरात लहान मुलं असतील, तर लांब नळीचं तसलं यंत्र घ्या. माझी गाडी रस्त्यावर उभी असते, त्यामुळे मी पुन्हा बॅटरीवरचाच घेईन, पण डबा थोडा मोठा बघून. आत्ताचा मागच्या सीटपर्यंत पोचेतोच भरतो.