मेजरपद हुकलं, दाद कुठे मागावी: स्पेशल सिलेक्शन बोर्ड की करेक्शन बोर्ड?

अमेरिकेच्या आर्मी रिझर्व्हमधल्या कॅप्टनचं नाव मेजरच्या यादीत आलं नाही आणि घोडं लष्करी शिक्षणाच्या अटीपाशी अडलंय असं दिसत असेल, तर त्याच्यापुढे दोन दारं असतात. एक स्पेशल सिलेक्शन बोर्डाचं आणि दुसरं आर्मी बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्सचं, ज्याला आम्ही नुसतं करेक्शन बोर्ड म्हणतो. इकडच्या आपल्या मराठी लोकांत रिझर्व्ह आणि नॅशनल गार्डमध्ये अधिकारी असलेले फार नाहीत. पण जे आहेत त्यांच्यातल्या काहींनी मला हाच प्रश्न विचारला, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मी यातलं एक दार निवडलं. माझ्या बरोबरीच्या एका अधिकाऱ्याला दुसऱ्या दारातून जावं लागलं, आणि त्याचा सगळा प्रवास मी जवळून पाहिला.

कोणत्या पदाला कोणता कोर्स लागतो ते तुम्हाला ठाऊक आहे. मेजरसाठी कॅप्टन्स करिअर कोर्स, त्यापुढे कमांड अँड जनरल स्टाफ कॉलेज. खरी मेख तारखेत आहे. बढतीसाठी अधिकारी निवडणारं बोर्ड ज्या दिवशी बसतं त्याच्या आदल्या दिवसापर्यंत कोर्स पुरा झालेला हवा. आणि तो पुरा झाला हे बोर्डाला कळतं ते डीए फॉर्म 1059 वरून, म्हणजे शाळेने भरलेल्या शैक्षणिक अहवालावरून. तुम्ही वर्गात बसलात, परीक्षा दिलीत, दीक्षान्त समारंभात हस्तांदोलन केलंत, यातलं काही बोर्डाला दिसत नाही. त्याला फक्त फाइल दिसते.

पूर्णवेळ सैन्यातल्या अधिकाऱ्याला दोन पोस्टिंगच्या मधे सरळ कोर्सला पाठवतात. आपलं तसं नसतं. आपण पहिला टप्पा रात्री घरी ऑनलाइन करतो आणि प्रत्यक्ष हजेरीच्या टप्प्यासाठी नोकरीतून सुटी काढतो. 1994 चा युसेरा कायदा नोकरी राखतो हे खरं, पण प्रोजेक्टची डेडलाइन आणि मुलांची शाळा तो पुढे ढकलत नाही. म्हणून आपल्यातल्या बहुतेकांचे कोर्स बोर्डाच्या तोंडावर संपतात, आणि कागद मागे राहतात.

माझं नेमकं तेच झालं. प्रत्यक्ष टप्पा बोर्डाच्या बऱ्याच आधी संपला होता. शाळेकडून 1059 येईना. मी ईमेल पाठवत होतो, 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर येत होतं. यादी लागल्यावरच्या बॅटल असेंब्लीला, म्हणजे महिन्याच्या ड्रिलला, एस-1 मधल्या (युनिटच्या कर्मचारी-नोंदी विभागातल्या) सार्जंटबाईंनी माझी फाइल स्क्रीनवर उघडली. ऑनलाइन टप्प्याचं प्रमाणपत्र होतं. त्याखाली जिथे 1059 असायला हवा होता तिथे थेट जुनं एक कार्यमूल्यांकन. शाळेतून फॉर्म मिळाला तो त्यानंतर. कोर्स संपल्याची तारीख त्यावर बरोबर होती, मात्र सहीची तारीख बोर्ड उठल्यानंतरची होती. एकाच पानावरच्या या दोन तारखांवर माझं पुढचं सगळं अवलंबून होतं.

आधी स्पेशल सिलेक्शन बोर्ड. टायटल 10 च्या, म्हणजे अमेरिकेच्या लष्करविषयक कायद्याच्या, कलम 14502 मध्ये याचे दोन प्रकार आहेत. प्रशासकीय चुकीने तुमचं नाव बोर्डापुढे गेलंच नाही, तर असं बोर्ड बसवणं बंधनकारक आहे. नाव गेलं, पण बोर्डापुढे महत्त्वाची माहिती नव्हती किंवा वस्तुस्थितीची ठळक चूक होती, तर ते बसवायचं की नाही हे वरच्यांच्या अखत्यारीत येतं. आपली प्रकरणं बहुधा दुसऱ्या प्रकारात मोडतात. अर्ज फोर्ट नॉक्सच्या ह्यूमन रिसोर्सेस कमांडकडे जातो. बोर्ड बसलं तर तुमची फाइल त्या मूळ दिवशी जशी असायला हवी होती तशी मांडतात, आणि त्या वेळी निवडलेल्या व न निवडलेल्या काही अधिकाऱ्यांच्या फाइलींशेजारी ठेवून तोलतात. निवड झाली तर डेट ऑफ रँक (पद मिळाल्याची अधिकृत तारीख), पगार आणि ज्येष्ठता, सगळं मूळ बोर्डाने निवडल्यासारखं मिळतं. दुसऱ्या प्रकारात निवड झाली नाही तरी आणखी एक पासओव्हर, म्हणजे निवड हुकल्याची नोंद, तुमच्या नावावर चढत नाही. म्हणजे विचारण्यात गमवायचं काही नाही.

यातला त्रास वेगळा आहे, आणि तो खरोखर मनाला लागतो. अर्ज बघताना पहिला प्रश्न असा येतो: अधिकाऱ्याने वाजवी काळजी घेतली असती तर ही चूक त्याला आधीच सापडली असती का, आणि त्याने ती दुरुस्त करून घेतली असती का? महिन्यातून एक शनिवार-रविवार गणवेश घालणाऱ्या माणसाला हा प्रश्न जड जातो. बोर्डाचा संदेश निघतो, फाइल तपासून प्रमाणित करायची मुदत असते, आणि त्या मुदतीत आपण बहुधा दुसऱ्याच ऑफिसात दुसऱ्याच कामात बुडालेले असतो. कॉमन अ‍ॅक्सेस कार्डाचा (लष्करी संगणक प्रणालीत शिरायला लागणाऱ्या ओळखपत्राचा) रीडर घरी चालला तर चालला, नाहीतर पुढच्या ड्रिलपर्यंत थांबा. तरी नियमाच्या बाजूनेही बोलायला हवं: फाइलवर डोळा ठेवणारं दुसरं कोणी नसतं. माझ्याकडे शाळेला पाठवलेल्या ईमेलची साखळी तारखांसकट होती, म्हणून या प्रश्नाला मी उत्तर देऊ शकलो. ती साखळी नसती तर अर्ज तिथेच अडला असता, असं मला वाटतं.

आता करेक्शन बोर्ड. याचा आवाका मोठा आहे आणि माझ्या मनात त्याच्याबद्दल आदर आहे. 1946 च्या कायद्यातून आलेली ही व्यवस्था आज टायटल 10 च्या कलम 1552 खाली चालते. डीडी फॉर्म 149 भरायचा, पुरावे जोडायचे. निर्णय गणवेशधारी नव्हे, नागरी सदस्य देतात. चूक कळल्यापासून तीन वर्षांची मुदत आहे, आणि न्यायाच्या दृष्टीने गरज वाटली तर तीही ते बाजूला ठेवू शकतात. स्पेशल सिलेक्शन बोर्ड फक्त 'त्या दिवशी फाइलमध्ये काय असायला हवं होतं' एवढंच बघतं. करेक्शन बोर्डाला अन्यायाचाही विचार करता येतो. ते नोंद बदलू शकतं, शिक्षणाच्या अटीतून सूट दिल्याची नोंद करू शकतं, झालेला पासओव्हर पुसून टाकू शकतं. नावं काढलेले जुने निर्णय वाचायला खुले असतात. अर्ज करा किंवा करू नका, ते निर्णय जरूर वाचा. कोणत्या कागदाने काम झालं आणि कोणत्या युक्तिवादाकडे कुणी वळूनही पाहिलं नाही, हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही मार्गदर्शिकेतून कळत नाही.

माझ्या त्या सहकाऱ्याला याच दाराची गरज होती. कोर्सला जागा मिळाली होती, तेवढ्यात युनिट मोबिलाइज झालं आणि जागा गेली. परत येईपर्यंत बोर्ड होऊन गेलं होतं. त्याच्या फाइलमध्ये चूक अशी काही नव्हतीच. कोर्स झालेला नव्हता, आणि फाइलही तेच सांगत होती. स्पेशल सिलेक्शन बोर्डापुढे तो काय मांडणार? देशाने बोलावलं म्हणून शाळा चुकली, हे म्हणणं ऐकून घेणारी जागा म्हणजे करेक्शन बोर्ड. तुमची गोष्ट अशी असेल तर पुढचं सगळं सोडा आणि डीडी 149 भरायला घ्या.

पण कोर्स वेळेत झालाय आणि फक्त कागद चुकलाय अशी गोष्ट असेल, तर माझा कल स्पष्टपणे पहिल्या दाराकडे आहे. त्याचं कारण एकच, आणि ते घड्याळाशी जोडलेलं आहे.

कॅप्टनची निवड दोनदा हुकली की कलम 14505 लागू होतं. दुसऱ्या बोर्डाचा अहवाल ज्या महिन्यात मंजूर होतो, त्यानंतरच्या सातव्या महिन्याच्या पहिल्या तारखेच्या आत त्याला सेवेतून बाहेर पडावं लागतं. निवडक अधिकाऱ्यांना पुढे ठेवण्याची तरतूद आहे, पण तिच्यावर विसंबून कुणी घराचं नियोजन करू नये. आता दुसरा आकडा बघा. कायद्याने करेक्शन बोर्डांना घालून दिलेलं उद्दिष्टच असं आहे की नव्वद टक्के अर्ज दहा महिन्यांत आणि सगळे अठरा महिन्यांत निकालात निघावेत. म्हणजे सगळं वेळेवर झालं तरी दहा महिने लागू शकतात, आणि तुमच्या हातात सात. अर्ज पडून आहे म्हणून बाहेर काढण्याची तारीख आपोआप थांबत नाही. वीस पात्र वर्षं भरल्यावर आणि बहुतेकांना वयाच्या साठाव्या वर्षी मिळणारं रिझर्व्हचं निवृत्तिवेतन, बाराव्या-तेराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्याच्या हाती लागत नाही. ड्रिलसाठी सोडलेले इतके शनिवार-रविवार, गणपतीत घरी नसणं, मुलीच्या गॅदरिंगच्या वेळी दोन राज्यं दूर असणं, हे सगळं एका न आलेल्या कागदापायी वाया जाऊ शकतं. माझा पहिलाच पासओव्हर होता, तरी पुढचं बोर्ड वर्षभरावर होतं, आणि रात्री झोपताना डोक्यात हाच हिशेब चालायचा.

सहकाऱ्याला शेवटी न्याय मिळाला, सेवाही परत मिळाली. पण मधल्या काळात तो बाहेर होता. पगार मागच्या तारखेपासून धरता येतो. तेवढ्या काळात ज्या तुकडीचं नेतृत्व करायची संधी गेली ती परत येत नाही, आणि पुढच्या बोर्डाला त्या जागेचं मूल्यांकन फाइलमध्ये दिसत नाही ते नाहीच.

आणखी दोन गोष्टींनी माझं पारडं झुकलं. करेक्शन बोर्ड आधी उपलब्ध असलेले प्रशासकीय उपाय संपवायला सांगतं. स्पेशल सिलेक्शन बोर्डाचं दार न ठोठावता थेट तिकडे गेलात तर अर्ज न बघताच परत येऊ शकतो, आणि त्यात गेलेले आठवडे तुमचेच. शिवाय करेक्शन बोर्डाने तुमच्या बाजूने कौल दिला तरी ते स्वतः तुम्हाला मेजर करत नाही. बहुधा नोंद दुरुस्त करून प्रकरण स्पेशल सिलेक्शन बोर्डाकडेच पाठवतं. शेवटी त्याच टेबलावर फाइल जाणार असेल, तर आधी तिथेच का जाऊ नये? नकार आला तर करेक्शन बोर्डाचं दार उघडंच राहतं, आणि नकाराचं पत्र हा उपाय संपवल्याचा पुरावा ठरतो. बोर्ड बसवायला दिलेला नकार मनमानी वाटला तर त्यावर फेडरल कोर्टात दाद मागण्याची सोयही कलम 14502 मध्येच आहे, पण ती पायरी वकिलाशी बोलूनच चढावी.

माझं बोर्ड बसलं, निवड झाली आणि डेट ऑफ रँक मूळ यादीतली मिळाली. प्रत्येकाचं असंच होईल असं मी म्हणणार नाही. सहीची तारीख उशिराची असूनही कोर्स संपल्याची तारीख ग्राह्य धरली गेली, ती ईमेलच्या साखळीमुळे आणि शाळेने दिलेल्या उपस्थितीच्या पत्रामुळे, असा माझा समज आहे. नुसत्या फॉर्मवर काम झालं असतं की नाही, हे सांगणं कठीण.

मेजरांसाठी हिशेब थोडा वेगळा आहे. दोनदा नाव हुकलेल्या मेजरला कलम 14506 प्रमाणे साधारणपणे वीस वर्षांची कमिशन्ड सेवा पुरी होईपर्यंत राहता येतं, त्यामुळे घड्याळाचा धाक कमी असतो. स्टाफ कॉलेजची गोष्ट गुंतागुंतीची असेल, मोबिलायझेशन किंवा आजारपण आड आलं असेल, तर त्याने करेक्शन बोर्डाचा शांतपणे विचार करावा. अठरा ते वीस पात्र वर्षांच्या मधे असलेल्यांनाही कायद्याचं संरक्षण आहे. त्यांनी आधी आपली पात्र वर्षं नीट मोजून घ्यावीत.

कॅप्टन असाल, तर या आठवड्यात एवढं करा. 1059 वर कोर्स संपल्याची तारीख आणि सहीची तारीख वेगवेगळ्या आहेत का ते बघा. बोर्डाच्या आधी शाळेला किंवा युनिटला पाठवलेला प्रत्येक ईमेल पूर्ण हेडरसकट पीडीएफ करून ठेवा. शाळेकडून उपस्थितीचं पत्र लेटरहेडवर मागा. अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात मूळ बोर्ड बसल्याची तारीख, कोर्स संपल्याची तारीख आणि तुम्ही पहिल्यांदा विचारणा केल्याची तारीख याच क्रमाने लिहा, आणि वाजवी काळजीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी विचारायच्या आधीच देऊन टाका.