सेकंडहँड डिझेल, नऊ महिन्यांनंतर: पिकअप गेला होता कुठे?

दिवाळीच्या आधी 2015 ची, 1.5 लिटर टर्बो डिझेल सेदान घेतली. मीटरवर 84,000 किलोमीटर. पुण्यात दोन-तीन दिवस फिरवली, काही खटकलं नाही. मग गावाला निघालो आणि खंबाटकी घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये गाडीने मानच टाकली. ॲक्सिलरेटर तळाला टेकला तरी काटा पन्नासच्या वर जाईना. आरशात पाहिलं तर मागे काळा धूर.

सातारा गाठून डिझेल फिल्टर आणि एअर फिल्टर बदलले. फरक शून्य. क्लच घसरत असता तर आरपीएम चढले असते आणि वेग तिथेच राहिला असता. इथे आरपीएमच चढत नव्हते, म्हणजे क्लच सुटला. पुण्यात परतल्यावर एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला, एकही कोड नाही, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने बिघाडाची कुठलीच नोंद केलेली नव्हती. बॉनेट न उघडता निदान आलं, "साहेब, टर्बो गेलाय, बदलावा लागेल." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा.

तेवढ्यावर पैसे काढायची माझी तयारी नव्हती. हजारेक रुपयांचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर मागवला, गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे मोबाइलवर दाखवणारा. पहिला शोध ॲपच्या एका कोपऱ्यात सापडला: कोड पुसल्यापासूनचं अंतर, 702 किलोमीटर. मी गाडी चालवली होती साधारण सातशेच. म्हणजे विकणाऱ्याने किल्ली हातात द्यायच्या आधीच कोड पुसले होते! सेकंडहँड गाडी बघायला जाताना हा एक आकडा जरूर बघा. बॅटरी काढली तरी तो बहुतेक गाड्यांत शून्य होतो, त्यामुळे आकडा फारच लहान असेल तर कारण विचारा.

खरं निदान मात्र घाटातच झालं. मी चालवत होतो, मेहुणा शेजारी बसून आकडे वाचत होता. इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या नळीतला, दाब 95 किलोपास्कल, म्हणजे पुण्याच्या उंचीवरच्या हवेचा जेवढा असतो तेवढा. सेन्सर ठीक. चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, 2,500 आरपीएमला, पूर्ण ॲक्सिलरेटर दाबून आकडा 120 च्या आसपास अडकलेला. तो दोनशेच्या पुढे जायला हवा. काच खाली केली तर फुस्स असा आवाजही येत होता.

ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. काकांनी आधी टर्बोचा शाफ्ट बोटाने हलवून पाहिला. बाजूला किंचित खेळ चालतो, आत-बाहेर हलला तर दुखणं मोठं. तो हलला नाही. मग इंटरकूलरपासून (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) इंजिनकडे जाणाऱ्या रबरी पाइपच्या खालच्या बाजूला हात फिरवला. तिथे तेल आणि धुळीचा चिखल. अंगठ्याने दाबल्यावर बोटभर चीर उघडली. गाडी उभी असताना त्या पाइपमध्ये दाब जवळपास नसतोच, म्हणून गॅरेजमध्ये सगळं ठणठणीत दिसायचं. धुराचंही कोडं सुटलं: एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच गळत होती आणि डिझेल मात्र त्या मापाने पडत होतं.

काकांनी सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळून क्लॅम्प आवळला, "जा, चक्कर मारून या." चांदणी चौकाच्या चढावरच गाडी बदललेली कळली. नंतर नवा पाइप टाकला, 2,300 रुपये. दाब आता 210 पर्यंत जातो.

त्यानंतर 11,000 किलोमीटर झाले. ॲव्हरेज 14 वरून 19 वर आलं. हौसेने ईजीआरही, म्हणजे थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह, साफ करून घेतला. काजळी बोटभर निघाली, पण चालवताना फारसं काही जाणवलं नाही. ते काम थांबलं असतं तरी चाललं असतं. 1,800 आरपीएमच्या खाली गाडी अजूनही सुस्तच आहे, पण तो टर्बो लॅग, कमी आरपीएमला टर्बो पुरेशी हवा दाबत नाही. कात्रजच्या ट्रॅफिकमध्ये एसी लावून दुसऱ्या गिअरवरच राहावं लागतं. ज्यांना पेट्रोलची सवय आहे त्यांना हे आवडणार नाही, माझ्या बायकोला अजून आवडलेलं नाही.

खंबाटकी आता तिसऱ्यात चढते. दुसरा टाकावा लागतो तो पुढे ट्रेलर रांगत असला तरच.