गीझर बदलताना गॅसचा पाइप: जुना ८ मिमी की नवा १२?

डिसेंबर-जानेवारीत नागपूरचा पारा १०च्या खाली गेला की मोठा गॅस गीझर घ्यायची टूम निघते. पाइपाचं विचारलं तर फिटरचं ठरलेलं उत्तर: "चालून राहिला ना, राहू द्या."

जुना ठेवला तर भिंत फोडावी लागत नाही, एवढाच फायदा. सिलिंडर दोन-तीन मीटरवर असेल तर आतून ८ मिमीचा तांब्याचा पाइप निभावून नेतो. पण इथल्या महाल भागातल्या जुन्या घरांत सिलिंडर मागच्या अंगणात असतो आणि न्हाणी पार दुसऱ्या टोकाला. घरगुती रेग्युलेटर गॅस सोडतो जेमतेम ३० मिलिबारने. पाइपाची लांबी दुप्पट झाली की दाबातली घटही दुप्पट. प्रत्येक एल्बो, म्हणजे पाइप वळवणारा जोड, त्यात भर घालतो तो वेगळा. आतला व्यास ८ऐवजी १२ मिमी केला, तर तीच घट साधारण सातव्या हिश्श्यावर येते. दीडपट जाडीने एवढा फरक पडतो, हे दुकानात कोणी सांगत नाही.

शेगडी त्याच लाइनवर असेल तर ती पेटवा आणि मग गीझरचा नळ पूर्ण सोडा. ज्योत खाली बसली, तर माझं मत सरळ १२ला.

सिलिंडरवर दव धरत असेल, तर मात्र पाइप बदलून उपयोग नाही. थंडीत आतला द्रव पुरेशा वेगाने वायू होत नाही. तिथे दोन सिलिंडर जोडून घ्यावे लागतात.

पाइप कोणताही असो, सांधे साबणाच्या पाण्याने तपासा आणि गीझर न्हाणीच्या बाहेरच लावा.