नैराश्याची गोळी सोडायची कशी: एकदम, दिवसाआड की कणाकणाने?

दोन वर्षांपूर्वी दिवाळीला गावी गेलो आणि एसिटालोप्रॅम या नैराश्यावरच्या गोळीची स्ट्रिप पुण्यातच राहिली. चार वर्षं रोज १० मिलिग्रॅम घेत होतो. बरं वाटत होतं, म्हटलं नाहीतरी सोडायचीच आहे, हाच मुहूर्त. तिसऱ्या दिवसापासून नजर डावीकडून उजवीकडे फिरवली की डोक्यात करंट बसायचा, ओल्या हाताने बटण दाबल्यावर चावतो तसा बारीक. चक्कर, मळमळ, पहाटे भलतीसलती स्वप्नं. एसटीतून उतरून तीन दिवस झाले तरी माझा घाट संपेना. आईने पित्त समजून सुंठ-साखर दिली.

परत येऊन गोळी सुरू केली आणि दोन दिवसांत सगळं थांबलं. तेव्हा कळलं की गोळी सोडणं जमण्यासारखं आहे, मी ती चुकीच्या पद्धतीने सोडत होतो. आपल्याकडे गोळ्या सोडण्याचे जे मार्ग चालतात, ते इथे शेजारी शेजारी ठेवतोय. निवड मात्र तुमच्या डॉक्टरांसमोर बसून करा.

आधी स्ट्रिपवरचं नाव वाचा. निम्मा निर्णय तिथेच होतो. व्हेनलाफॅक्सिन रक्तातून साधारण पाच तासांत निम्मं होतं, त्याच्यापासून शरीरात तयार होणारं दुसरं रसायन अकरा तासांत. त्यामुळे सकाळची गोळी चुकली तर काहींना त्याच संध्याकाळी कळतं. पॅरोक्सेटीनही असंच छळतं. सर्ट्रालीन आणि एसिटालोप्रॅम मधल्या फळीतली, निम्मं व्हायला एक दिवस किंवा थोडं जास्त लागतं. फ्लुओक्सेटीनची गोष्टच वेगळी. ते आणि त्याचं उपरसायन मिळून आठवडेच्या आठवडे अंगात रेंगाळतं, म्हणजे बंद केलं तरी बऱ्याच अंशी आपोआप उतरत जातं.

एकदम बंद करणं हा सर्वांत सोपा मार्ग, आणि काहींना तो झेपतोही. २०२४ सालच्या एका मोठ्या आढाव्यात गोळी थांबवलेल्यांपैकी सुमारे ३१ टक्के लोकांना त्रास झाला. गंमत म्हणजे खोटी, औषध नसलेली गोळी थांबवलेल्यांतही १७ टक्क्यांना झाला. तीव्र त्रास साधारण ३५ जणांत एकाला. ऐकून धीर येतो, पण त्यातल्या बऱ्याच अभ्यासांत लोकांनी गोळ्या काही आठवडे किंवा महिनेच घेतल्या होत्या. वर्षानुवर्षं घेणाऱ्याने हा आकडा स्वतःला जसाच्या तसा लावू नये. माझं मत विचाराल तर फ्लुओक्सेटीन वगळता इतर गोळ्यांना हा मार्ग नकोच.

‘एक दिवसाआड घ्या, मग बंद करा’ हे आपल्याकडचं लाडकं सूत्र. मलाही आधी हेच सांगितलं होतं. पण हिशेब करून बघा: एसिटालोप्रॅम ४८ तासांनी साधारण एक तृतीयांशच उरतं, व्हेनलाफॅक्सिन तर जवळजवळ संपलेलंच असतं. म्हणजे डोस कमी होतो कागदावर, आणि डोक्यात दिवसाआड चढ-उतार. एकदम बंद करण्याचा प्रयोगच दर दोन दिवसांनी नव्याने करायचा, असं हे आहे.

आता खरी तुलना: अर्धी-पाव करत उतरणं विरुद्ध फार हळू, कणाकणाने उतरणं.

दहाची पाच, पाचाची अडीच, मग शून्य. दिसायला शिस्तीचं आहे. घोळ शेवटच्या पायरीत आहे. मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर या संशोधकांनी २०१९ मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून हे मांडलं. सिटालोप्रॅम २० मिलिग्रॅम असताना (एसिटालोप्रॅमचे साधारण १०) मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन परत खेचून घेणारी ८० टक्के दारं गोळीने अडवलेली असतात. डोस निम्म्याहून खाली, ९ वर आणला तरी सुमारे ७० टक्के अडलेलीच. ५० टक्क्यांवर यायला साडेतीनच्या आसपास यावं लागतं, आणि २० टक्क्यांसाठी एक मिलिग्रॅमच्याही खाली. म्हणजे वरच्या पायऱ्या वीतभर आणि शेवटची थेट मजल्याएवढी. ‘इतकी लहान गोळी, आता काय होणार’ म्हणतात तिथेच माणूस पडतो.

म्हणून ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचना प्रमाणात कमी करायला सांगतात: सध्या जो डोस आहे त्यातून निम्मा कमी, पुढे डोस लहान झाला की दर वेळी त्याचा पाव हिस्साच कमी, आणि त्रास ओसरल्यावरच पुढची पायरी. याला महिने लागतात, काहींना त्याहून जास्त. तिकडे शेवटी शेवटी थेंबांचं औषध देतात. इथे माझ्या मेडिकलमध्ये पाचची गोळी होती, त्याच्या खाली काही नाही. पिल कटर आणला. पहिली पाच मिलिग्रॅमची गोळी चार भागांत कापताना एक तुकडा ओट्यावर उडाला, एकाचा भुगा झाला, उरलेले दोन एकसारखे म्हणावेत असे नव्हते. वरच्या पायऱ्यांवर तेवढ्या फरकाने फारसं बिघडत नाही, पण शेवटच्या टप्प्यात बिघडतं. त्यामुळे पातळ औषधाची सोय होईल का हे डॉक्टरांना सुरुवातीलाच विचारा, शेवटी नको. आणि डेसव्हेनलाफॅक्सिनसारख्या हळूहळू सुटणाऱ्या गोळ्या कापू नका. दिवसभर सुटायचं औषध एकदम सुटतं.

गोळी बदलून फ्लुओक्सेटीनवर जाणं आणि मग तेच उतरवणं हाही मार्ग आहे. व्हेनलाफॅक्सिन किंवा पॅरोक्सेटीनवाल्यांनी जरूर विचारावं. पण फ्लुओक्सेटीन इतर औषधांच्या कामात ढवळाढवळ करतं, म्हणून हे घरी करायचं काम नाही.

आणि न सोडणं? २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका चाचणीत, बरं वाटत असलेल्या ४७८ जणांपैकी गोळी चालू ठेवलेल्यांत वर्षभरात ३९ टक्क्यांचं नैराश्य परतलं, सोडलेल्यांत ५६ टक्क्यांचं. मी हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचतो. सोडणाऱ्यांतले ४४ टक्के ठीक होते. पण ज्याला तीन-चारदा नैराश्य येऊन गेलंय, त्याने चालू ठेवणं म्हणजे हार नव्हे.

परतलेलं नैराश्य आणि गोळी सुटण्याचा त्रास यांत गल्लत सर्रास होते. डोस कमी केल्यावर काही दिवसांत सुरू झालं, सोबत चक्कर किंवा करंट आहे, आणि आधीचा डोस घेतल्यावर चटकन गेलं, तर बहुधा सुटण्याचा त्रास. आठवड्यांनी, हळूहळू, नुसती जुनीच उदासी आली तर आजाराकडे बोट. मी कॅलेंडरवर रोज दोन शब्द लिहायचो: ‘करंट २’, ‘झोप बरी’. डॉक्टरांना माझ्या आठवणीपेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला. फ्लुओक्सेटीनवाल्यांना मात्र त्रास काही आठवड्यांनीही सुरू होऊ शकतो, तिथे हा ठोकताळा चालत नाही.

जीव द्यावासा वाटला तर पुढची पायरी, तक्ता, सगळं बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालतो, मराठीतही बोलता येतं.

मला दहावरून शून्यावर यायला अकरा महिने लागले. त्यातले पाच शेवटच्या एका मिलिग्रॅमचे.