पिकअप काढावी की ठेवावी? नाशिकच्या शेतमालवाल्यांसाठी हिशेब मांडून केलेली तुलना

टोमॅटोचा हंगाम तोंडावर आला की दिंडोरी-निफाड पट्ट्यात हा प्रश्न घरोघरी निघतो. तीन-चार वर्षांपूर्वी नवी कोरी घेतलेली पिकअप मनातून उतरलेली असते. चढाला दम टाकते, सांगितलेलं ॲव्हरेज देत नाही, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागतो, महिन्यातून एकदा तरी गॅरेज दाखवते. शोरूमवाला एक्स्चेंजचा आकडा सांगतो, मेहुणा म्हणतो सेकंडहँड घ्या, वडील म्हणतात आहे तीच नीट करा. तिघांचंही खरं असू शकतं. तुमच्या बाबतीत कोणाचं खरं, हे गाडी किती माल घेऊन, कोणत्या रस्त्याने आणि महिन्याला किती किलोमीटर चालते त्यावर ठरतं.

आधी क्रेट मोजा

माझं स्पष्ट मत आहे की नावडत्या झालेल्या पिकअपपैकी बऱ्याच गाड्या खराब नसतात, त्यांच्यावर चुकीचं काम लादलेलं असतं. टोमॅटोच्या एका क्रेटमध्ये २० किलो माल बसतो. क्रेटचं वजन धरून २२ किलो पकडा. १,३०० किलो पासिंगच्या, म्हणजे तेवढाच माल भरायची परवानगी असलेल्या गाडीत कायद्याने ५९ क्रेट बसतात, १,७०० किलोच्या गाडीत ७७ आणि २ टनाच्या गाडीत ९०. आता पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत लिलावाला उभ्या असलेल्या गाड्यांचे हौदे बघा. शंभर क्रेट म्हणजे २२ क्विंटल, आणि ते कितीतरी वेळा १,३०० किलोवाल्या गाडीत भरलेले दिसतील. हौद्यावर मारलेले अँगल आणि जाळी यांचं वजनही त्यातच येतं, ते कोणी धरत नाही.

अशी गाडी चढाला दम टाकणारच. क्लच प्लेट लवकर जाते, मागच्या स्प्रिंगचे पाटे बसतात, मागची टायरं घासतात, डिझेल जास्त जळतं. त्या गाडीच्या जागी त्याच पासिंगची दुसरी आणली तर दोन वर्षांनी पुन्हा हेच बोलणं होईल. वर कायद्याचा धाक आहेच. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि जादा प्रत्येक टनामागे २,००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. रस्त्यात उतरवलेल्या टोमॅटोचं काय होतं ते सांगायला नको.

म्हणून पहिलं काम: हंगामात नेहमी भरता तेवढा माल भरून एकदा भुईकाट्यावर गाडी चढवा. पावतीवरचं वजन आणि आरसी बुकातलं एकूण वजन शेजारी ठेवा. फरक दोन-तीन क्विंटलचा असेल तर गाडी तुमच्या कामाची आहे. आठ-दहा क्विंटलचा असेल तर पुढचं सगळं वाचताना मोठ्या पासिंगचाच विचार करा, कारण अशा गाडीवर दुरुस्तीचा पैसा टिकत नाही.

पिवळा दिवा आणि लिलावाची रांग

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ या प्रदूषणाच्या कडक नियमांच्या गाड्या आल्या आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा फिल्टर बसला. त्याला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळायला त्या फिल्टरला चांगलाच ताव लागतो, साधारण ६०० अंशांपर्यंत. गाडी हायवेवर सलग चालली की हे काम आपोआप होतं. पण मळ्यातून निघून चार-पाच किलोमीटरवरच्या मार्केटला जायचं, रांगेत इंजिन चालू ठेवून तासभर पुढे-पुढे सरकायचं, रिकामं करून परत यायचं, एवढंच गाडीचं काम असेल तर फिल्टर कधी तापतच नाही. मग दिवा लागतो, गाडीची ओढ कमी होते, ॲव्हरेज पडतं. मालक म्हणतो गाडीच भिकार निघाली.

यावर पहिला उपाय फुकट आहे. रांगेत इंजिन बंद ठेवा. आठवड्यातून एकदा मुंबई-आग्रा रोडवर ओझर किंवा चांदवडच्या दिशेने वीस-पंचवीस मिनिटं एका लयीत, जरा चढ्या आरपीएमवर चालवा. दिवा लागलेला दिसला आणि फिल्टर साफ होत असला तर मध्येच गाडी बंद करू नका. एअर फिल्टरही बघा. द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यावरची धूळ तो फार लवकर चोंदवते आणि निम्मी ओढ तिथेच जाते. एवढं करूनही दिवा परत परत येत असेल तर स्कॅनर लावून बिघाडाचा नेमका कोड लिहून घ्या. कोड न बघता सेन्सर बदलत बसणाऱ्या गॅरेजला गाडी देऊ नका.

पण तुमचं काम कायमच जवळचं आणि थांबत-थांबत असेल तर डिझेलचा हट्ट सोडण्याचा विचार जरूर करा. शहरात फिरणाऱ्या हलक्या मालाला सीएनजी परवडतो. टाकीमुळे वजनात आणि जागेत तडजोड येते, पंपावर रांग लागते, भरल्या गाडीला घाटात जोर कमी पडतो. त्यामुळे वाशी-पुण्याच्या फेऱ्यांना मी तो सुचवणार नाही.

कोणता घाट, हेही विचारा

‘घाटात चढत नाही’ ही तक्रार ऐकली की मी आधी रस्ता विचारतो. नाशिकहून वाशीला जाणारी भरलेली गाडी कसारा घाट उतरते. चढताना तिच्यात रिकामे क्रेट असतात. म्हणजे वाशीच्या फेऱ्यांना इंजिनाइतकाच ब्रेकचा आणि टायरचा दर्जा महत्त्वाचा. पुण्याकडे माल नेणाऱ्याला मात्र सिन्नरच्या आधी मोहदरीचा घाट भरल्या गाडीने चढावा लागतो, तिथे खरी ओढ लागते. नवी गाडी निवडताना दोघांची गरज वेगळी आहे.

त्यात समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळचं आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला सुरू झाला. इगतपुरीच्या जवळपास ८ किलोमीटरच्या बोगद्यातून कसारा टाळता येतो. टोल लागतो, पण ब्रेक, क्लच आणि पहाटेच्या बाजाराला पोहोचण्याची वेळ यांचा हिशेब घातला तर पुष्कळ जणांना तो परवडेल. घाटाला कंटाळून गाडी विकायला निघालेल्यांनी आधी काही फेऱ्या या रस्त्याने करून बघाव्यात.

इंजिन अजून किती देईल?

ठेवायची की नाही हे ठरवताना इंजिन बघणं टळत नाही. गाडी गरम करा, चालू ठेवूनच ऑइल भरायचं झाकण सैल करा. झाकण नुसतं थरथरलं तर ठीक. झाकण काढल्यावर भसाभसा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा-लायनर गेलेत. मागून निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गरम झाल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर इंजिनच्या हेडचं काम निघू शकतं.

मग गाडीखाली टॉर्च घेऊन शिरा. मागच्या पाट्यांमध्ये तांबूस भुकटी साठलेली दिसली तर तिथे पाटा हलतोय किंवा चिरलाय, कापडाने पुसून चीर शोधा. सेंटर बोल्टच्या आसपास नीट बघा, पाटा बहुतेक तिथेच तुटतो. चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, वेल्डिंग केलेलं असेल किंवा चीर दिसली तर माझ्या मते चर्चा संपली, ती गाडी काढायची. पाटे, क्लच, टर्बोचा पाइप, इंजेक्टर ही कामं होण्यासारखी असतात, चासीवर पैसा घालू नये.

हप्ता आणि दुरुस्ती शेजारी-शेजारी

आता आकडे. हे धरून चाललेले आहेत, तुम्ही तुमचे घाला.

समजा जुन्या गाडीचं सगळं काम करायला एक लाख लागतात आणि ती त्यावर आणखी दोन वर्षं चालते. म्हणजे महिन्याला साधारण ४,२०० रुपये. नव्या गाडीला ८ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, पाच वर्षं, तर हप्ता बसतो १७,००० च्या आसपास. पाच वर्षांत व्याजच २ लाख २० हजार होतं. फरक महिन्याला जवळपास १२,८०० रुपये. हे पैसे नव्या गाडीने कमवून किंवा वाचवून द्यायला हवेत.

डिझेलमध्ये काय वाचतं? जुनी लिटरला १० देते, नवी १३ देईल असं धरा, डिझेल ९० रुपये. महिन्याला २,००० किलोमीटर चालणाऱ्याचे ४६ लिटर वाचतात, म्हणजे ४,१०० रुपयांच्या आसपास. उरलेले ८,७०० कुठून येणार? नव्या गाडीचा इन्शुरन्सही जुन्यापेक्षा जास्त असतो. याउलट महिन्याला ५,००० किलोमीटर चालणाऱ्याचे ११५ लिटर, म्हणजे १०,४०० रुपये वाचतात. त्याला फक्त अडीच हजारांचा प्रश्न उरतो, आणि बंद पडून चुकलेली एकच वाशीची फेरी तो सोडवून टाकते. मी सल्ला देतो तो याच हिशेबावर: रोज लांबची फेरी असेल तर नवी घ्या, हंगामापुरतं आणि जवळचं काम असेल तर जुनी नीट करा.

जुन्या गाडीचं कर्ज अजून फिटलं नसेल तर आणखी एक आकडा डोळ्यांसमोर ठेवा. वरच्याच कर्जाचे २४ हप्ते भरल्यावरही सव्वापाच लाखांवर मुद्दल शिल्लक राहतं. गाडीला बाजारात पाच लाखच येत असतील तर वरचे पैसे आणि मुदतीआधी कर्ज फेडण्याचे चार्जेस खिशातून जातात. अशा वेळी मी वर्षभर थांबायला सांगेन.

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली, तशी जुनीची किंमतही उतरली. त्यामुळे शेजाऱ्याने त्याआधी अमुक भावाला विकली होती, हे मनातून काढून टाका.

नवी घ्यायची तर कोणती?

२ टन माल न्यायचा असेल तर बोलेरो मॅक्स पिकअपची एचडी २.० आणि टाटा योद्धा २.० या दोन समोरासमोर येतात. बोलेरोचं इंजिन २.५ लिटरचं, ८० हॉर्सपॉवर आणि २२० न्यूटन-मीटर टॉर्क, म्हणजे ओढीचा जोर. योद्धाचं २.२ लिटरचं, पण ताकद १०० हॉर्सपॉवर आणि टॉर्क २५०. कागदावर योद्धा वरचढ आहे, आणि मोहदरीसारख्या चढाला भरून जाणाऱ्याने तिची चाचणी घेतल्याशिवाय ठरवू नये. बोलेरोच्या बाजूने नाशिकमध्ये मोठी गोष्ट आहे: महिंद्राचा कारखाना सातपूरला, आणि गावोगावी तिचं काम येणारा फिटर आणि पार्ट मिळतात. रात्री दोन वाजता घोटीजवळ गाडी थांबली तर हॉर्सपॉवरपेक्षा हे कामाला येतं. म्हणून खेड्यातून चालवणाऱ्याला मी बोलेरोकडे झुकायला सांगेन, हायवेवर सतत भरून धावणाऱ्याला योद्धाकडे.

अशोक लेलँडची बडा दोस्त आय-४ म्हणजे दीड लिटरचं इंजिन, ८० हॉर्सपॉवर, १९० टॉर्क आणि १,८०० किलोच्या वर माल. हौदा मोठा, त्यामुळे हलका पण जागा खाणारा माल, भाजीपाला किंवा द्राक्षांच्या पेट्या यांना चांगली. टाटा इन्ट्रा व्ही-५० ला माल १,५०० किलो, ८० हॉर्सपॉवर, २२० टॉर्क. हिचा एक फायदा पटकन लक्षात येत नाही: तिचं एकूण वजन ३ टनांच्या आत आहे, आणि तेवढ्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. २ टनवाल्या गाड्या ३ टनांच्या वर जातात, त्यांना लागतं. पंचवटी, रविवार कारंजा अशा गल्ल्यांत फिरणाऱ्याला हीच सोयीची.

सेकंडहँड आणि भाड्याची

तीन-चार वर्षांची, मोठ्या पासिंगची सेकंडहँड गाडी हा मधला मार्ग मला पसंत आहे, पण वरच्या सगळ्या तपासण्या तिथे दुप्पट बारकाईने करायच्या. एमपरिवहन ॲपवर फिटनेस, इन्शुरन्स, कर्जाचा बोजा आणि चलन बघा. फिटनेस पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी करावा लागतो, तोही खर्च धरा. खरेदी द्राक्षं संपल्यावर, मे-जूनमध्ये उरका, टोमॅटोचा तोडा सुरू झाला की भाव ताणले जातात.

ज्याला वर्षातले तीनच महिने शंभर क्रेट न्यायचे आहेत, त्याने बाकीचे नऊ महिने मोठ्या गाडीचा हप्ता का भरावा? छोटी गाडी ठेवावी आणि हंगामात भावकीतल्या दोघा-तिघांनी मिळून मोठी गाडी भाड्याने लावावी.

विकताना नाव उतरवल्याशिवाय चावी देऊ नका

गाडी काढायचं ठरलं तर हे काम टाळू नका. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, गाडी पुढे कितीही हातांत फिरली तरी. घेणाऱ्याने अपघात केला तर भरपाईची नोटीस तुमच्या दारात येते. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, घेणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिलेली पावती एवढं हातात ठेवा. इन्शुरन्सचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याची सवलत, तुमचा असतो, गाडीचा नाही. कंपनीकडून तसं पत्र घ्या, म्हणजे नव्या पिकअपच्या प्रीमियममध्ये तो वजा होतो. एजंट म्हणेल की कागद नंतर होतील. त्याला सांगा, पेठ रोडच्या आरटीओत नाव बदललं आणि ते ॲपवर दिसलं की चावी आणि आरसी दोन्ही एकदम घेऊन जा.