मुंबईत बिऱ्हाड की नागपुरात घर? जॅझ वाजवणाऱ्या संसारी माणसासाठी

नागपूरचा वादक, जॅझवर पोट आणि घरी लहान मूल. अशा माणसाला कधी ना कधी ठरवावंच लागतं: घर उचलून मुंबईला जायचं, की घर इथेच ठेवून गिगपुरतं, म्हणजे कार्यक्रमापुरतं, मुंबई-पुणं करायचं? मी सॅक्सोफोन वाजवतो आणि दोन्ही करून पाहिलंय. लग्नानंतर काही वर्षं मुंबईत होतो, मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा परत आलो. तुमच्या घरची गणितं वेगळी असतील, तेव्हा हे एकाच माणसाचं मत धरा.

मुंबईचं पारडं आधी, कारण ते खरंच जड आहे. जॅझ एकट्याने होत नाही. बॅकिंग ट्रॅक, म्हणजे साथीचं रेकॉर्डिंग, लावून सोलो घासता येतो, पण ड्रमरशी चार-चार बारची (ठेक्याच्या आवर्तनांची) देवाणघेवाण, पियानोवाल्याने अचानक कॉर्ड (सुरांचा मेळ) बदलली की त्याच क्षणी वळणं, हे माणसांत बसूनच येतं. नागपुरात ऑर्केस्ट्रात तयार झालेले ड्रमर आणि कीबोर्डवाले उत्तम आहेत. वॉकिंग बास, म्हणजे प्रत्येक ठोक्याला एक सूर चालवत नेणारी बास गिटारची साथ, रात्रभर धरणारा मात्र शोधत फिरावं लागतं. शिवाय मुंबईत बरंचसं काम ऐनवेळच्या फोनवर मिळतं. कुणीतरी आजारी पडतं आणि दुपारी बदली वादकासाठी विचारणा होते, "संध्याकाळी सब म्हणून येतोस का?" असा फोन नागपूरला कुणी करत नाही, आणि त्यात त्यांची चूकही नाही.

ही ओढ आजची नाही. 1935 च्या अखेरीस अमेरिकन व्हायोलिनवादक लिऑन ॲबीचा जॅझ बँड मुंबईत ताजमध्ये आला, त्यानंतर हॉटेलांच्या बँडस्टँडवर गोव्याच्या वादकांची एक अख्खी पिढी घडली. ट्रंपेटवादक चिक चॉकलेटसारखे लोक रात्री हॉटेलात वाजवत आणि दिवसा फिल्मी रेकॉर्डिंग करत. सी. रामचंद्रांच्या गाण्यांतला स्विंग तिथूनच आला. त्यांतले कितीतरी जण धोबीतलावच्या आसपास गावाच्या नावाने चालणाऱ्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या सामायिक बिऱ्हाडांमध्ये, खाट घेऊन राहत, बायकामुलं गोव्यात. म्हणजे घर एकीकडे आणि बँड दुसरीकडे ही सोय आपल्याकडच्या जॅझइतकीच जुनी आहे. त्यांना घर वर्षातून क्वचित दिसायचं. आपल्याला रात्री दुरांतोत बसलं की सकाळी सीएसएमटी गाठता येतं, हा फार मोठा फरक आहे.

आता ज्या गोष्टीवर माझा निर्णय झाला, ती. साउंड चेक, म्हणजे कार्यक्रमाआधी माइक-स्पीकरवर आवाज जुळवून बघणं.

गिग रात्री साडेनऊची असते, पण साउंड चेकला चार-पाचला बोलावतात. तो अर्ध्या तासात आटोपतो आणि मग नुसतं बसायचं. उपनगरात राहणाऱ्याला मधल्या वेळेत घरी जाऊन परत येणं जमत नाही. म्हणजे दुपारी तीनला घर सोडायचं, मुलगी शाळेतून येते त्याच सुमाराला. शेवटचा सेट बाराला संपतो, सामान आवरून, पेमेंटचं बोलून निघेपर्यंत शेवटची लोकल गाठायची धडपड. घरी पोहोचेपर्यंत दीड-दोन. सकाळी सातला तिची बस आणि मी गाढ झोपेत. एकाच घरात राहून आठवडाभर आमची जागेपणी भेट होत नव्हती. पैसे बरे मिळत होते, वाजवणंही सुधारत होतं, त्यामुळे तक्रार कशाची करायची तेच कळेना. बायकोने मात्र नेमकं सांगितलं: "तुम्ही बाहेरगावी असता तर निदान तिला सांगता तरी आलं असतं, की बाबा रविवारी येणार."

नागपूरहून जाण्यात हाच फायदा निघाला. गुरुवारी रात्री निघायचं, शुक्रवार-शनिवार वाजवायचं, रविवारी परत. परतीला एक अडचण आहे. मुंबईहून सुटणाऱ्या संध्याकाळच्या विदर्भ आणि दुरांतो आपल्या पहिल्या सेटच्या आधीच निघून जातात, म्हणून पहाटेची गीतांजली. डोळे चुरचुरतात, पण संध्याकाळी घरी असतो. सोमवार ते बुधवार मी पूर्ण घरचा. एकाच गिगसाठी सहसा जात नाही. दोन गिग, किंवा एक गिग आणि एक वर्कशॉप जुळलं तरच हो म्हणतो. प्रवास आणि राहणं आयोजकाकडे आधीच बोलून घेतो. स्वतःच्या खर्चाने विमान घेतलं तर मानधनातलं फारसं उरत नाही.

नागपूरची उणी बाजू शिकवणीत आहे. इथे घरखर्चाचा आधार विद्यार्थी, लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा देणारी मुलं. आणि तीही संध्याकाळीच येतात. त्यावर पूर्ण तोडगा मलाही सापडलेला नाही. आठवड्यात दोनच संध्याकाळ ठेवल्यात, मोठ्यांना सकाळी शिकवतो. दार उघडं ठेवलं की मुलगी तिथेच गृहपाठ करते, हे मला चालतं. वर्धा रोडच्या हॉटेलांतल्या रिसेप्शनमध्ये जुनी हिंदी गाणी बोसानोव्हाच्या, म्हणजे ब्राझीलच्या संथ लयीच्या, अंगाने वाजवावी लागतात. मला ते काम आवडतं, सगळ्यांना आवडेल असं नाही. मे महिन्यात इथे सॅक्सोफोनच्या तोंडाची रीड (वेताची पातळ पट्टी) कोरडी होऊन वाकते, मुंबईत पावसाळ्यात फुगते; त्या बाबतीत दोन्ही शहरं सारखीच.

क्रूझवरची नोकरी हा तिसरा पर्याय लोक सुचवतात. महिनोन्‌महिने समुद्रावर राहायचं असेल, तर ते मुलं होण्याआधी.

वय पंचविशीच्या आत असेल, किंवा बायकोची नोकरी मुंबईत असेल, तर मी जा म्हणेन आणि मनापासून म्हणेन. शहराच्या मध्यात, गिगच्या जागांजवळ घर परवडत असेल तर माझा साउंड चेकचा मुद्दाच गळून पडतो. बाकीच्यांनी एक करून बघावं: मुंबईत मिळू शकतील त्या गिगांपुढे साउंड चेकची वेळ लिहा, आणि त्याखाली मूल घरी जागं असण्याची वेळ. मी तसं लिहिलं तेव्हा माझा कौल नागपूरकडे गेला. मुलगी दहावी झाली की हीच यादी पुन्हा करणार आहे.